थायरॉईड पण आणि ब्लड कॅन्सर पण: मराठवाड्यातल्या नवीन पेशंटनी सुरुवात कुठून करायची

ज्यांच्या हातात नुकताच दुसरा रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. म्हणजे थायरॉईडची गोळी वर्षानुवर्षं चालू होती आणि आता रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं, किंवा कॅन्सरचा इलाज चालू असताना मधेच डॉक्टर म्हणाले की टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, थायरॉईड मंदावला की हा आकडा वाढतो) वाढलाय, ही अजून एक गोळी सुरू करा. मी परभणीकडची, शाळेत शिकवते, मला सीएमएल (ब्लड कॅन्सरचा एक सावकाश वाढणारा प्रकार) आहे आणि थायरॉईड त्याच्या कितीतरी आधीपासून. डॉक्टर नाहीये मी, त्यामुळे कुणाचा डोस किती असावा हे सांगणार नाही, तुम्हीही ते दुसऱ्या पेशंटकडून ऐकून ठरवू नका. पण रोजच्या रोज काय सांभाळायचं, कुणाला काय विचारायचं, कोणता कागद कुठं लागतो, हे ओपीडीत कुणी बसवून सांगत नाही, बाहेर एवढी रांग असते की डॉक्टरांचाही इलाज नाही.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा. या दोन्ही आजारांच्या तक्रारी एकमेकींसारख्या दिसतात, आणि दोन्हीकडच्या गोळ्या एकमेकींच्या आड येतात. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यातूनच निघालंय.

१. दोन्ही आजारांचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या

आपल्याकडे "मोठा आजार झालाय" म्हणतात आणि पुढं कुणी विचारत नाही, सांगणाराही सांगत नाही. पण ब्लड कॅन्सर हा काही एकच आजार नाही. ल्युकेमिया (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा), लिम्फोमा (लिम्फ नोड म्हणजे अंगातल्या लसीका गाठींचा), मायलोमा (हाडांतल्या बोन मॅरोचा) हे मोठे गट, त्यात ल्युकेमियामध्ये सुद्धा सीएमएल वेगळा, सीएलएल वेगळा, आणि झपाट्यानं वाढणारे एएमएल आणि एएलएल एकदमच वेगळे. सीएलएलच्या बऱ्याच पेशंटना सुरुवातीला औषध देतच नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात, आणि एएमएलवाल्याला लगेच ॲडमिट व्हावं लागतं. म्हणून शेजारच्या गावात कुणाला काय झालं यावरून आपलं काही ठरवू नका, प्लीज.

थायरॉईडचं पण तसंच. "थायरॉईड आहे" म्हणजे कमी आहे का जास्त आहे, का ऑपरेशन करून गाठ काढलेली आहे, का रेडिओआयोडीन (थायरॉईड दाबायचं किरणोत्सारी औषध) दिलेलं आहे, हे प्रत्येकाचं वेगळं. डॉक्टरांना सरळ विचारा आणि त्यांच्याच हातानं लिहून घ्या.

हे का लागतं सांगते. कॅन्सरची काही औषधं थायरॉईडला धक्का देतात, आणि कोणतं औषध काय करतं हे माहीत असलं की पुढच्या तपासण्या वेळेवर मागता येतात. मायलोमाच्या थॅलिडोमाइड आणि लेनालिडोमाइड या गोळ्यांनी थायरॉईड मंदावू शकतो. सीएमएलच्या इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब या गटातल्या औषधांनी पण थायरॉईड वरखाली होऊ शकतो, आणि ज्यांचा थायरॉईड काढून टाकलाय व जे पूर्णपणे गोळीवर आहेत त्यांना इमॅटिनिब सुरू झाल्यावर थायरॉईडचा डोस वाढवावा लागल्याचं दिसून आलंय. इंटरफेरॉनच्या इंजेक्शननं थायरॉईडला सूज येऊ शकते. लिम्फोमासाठी मानेला शेक म्हणजे रेडिएशन दिलं असेल तर थायरॉईड लगेच नाही, कित्येक वर्षांनी सुद्धा मंदावतो, त्यामुळे "कॅन्सर बरा झाला, आता काय तपासायचं" असं म्हणून सोडून देऊ नका, दरवर्षी टीएसएच करत राहा. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब अशी नव्या इम्युनोथेरपीची इंजेक्शनं असतील तर थायरॉईड आधी जोरात पळतो आणि मग एकदम थंड पडतो असं होऊ शकतं.

२. एक फाईल आणि फाईलवर एक कागद

थायरॉईडचा डॉक्टर परभणीत, कॅन्सरचा डॉक्टर संभाजीनगरला किंवा मुंबईला, आणि ताप आला की गावातला डॉक्टर. तिघं एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये बोलणं करणारे फक्त तुम्ही, आणि तुमच्याकडची फाईल. रिपोर्ट तारखेनुसार लावा, नवीन वर. आणि सगळ्यात वर एकच साधा कागद, मोठ्या अक्षरात: दोन्ही आजारांची नावं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डोस आणि वेळेसकट, कशाची ॲलर्जी, रक्तगट, मागच्या वेळचे टीएसएच आणि सीबीसीचे (रक्तपेशी मोजायच्या तपासणीचे) आकडे, घरच्या माणसाचा नंबर. गोळी बदलली की कागद बदला. या कागदाचा फोटो घरातल्या दोन जणांच्या मोबाईलमध्ये असू द्या, कारण रात्री-अपरात्री फाईल कपाटात राहते आणि माणूस दवाखान्यात.

कॅन्सरच्या डॉक्टरकडं गेलं की थायरॉईडची गोळी "ती काय, साधीच आहे" म्हणून सांगायची राहते, आणि तिकडं फिजिशियनला कॅन्सरच्या गोळीचं नाव नीट सांगता येत नाही. दोन्हीकडं स्ट्रिप आणि डबा सोबत घेऊन जा, नाव आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

३. गोळ्यांचं टाइमटेबल, हे सगळ्यात महत्त्वाचं

माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत सेलूकडच्या, त्यांना मायलोमा आणि थायरॉईड. टीएसएच काही केल्या खाली येईना, डोस वाढवत चाललेले. एकदा त्यांच्याकडं गेले तर त्यांनी कॅरीबॅग खाटेवर उलटी केली. थायरॉईडची गोळी, कॅल्शियम, लोहाची गोळी, ॲसिडिटीची गोळी, सगळं मोकळं, कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे, नावं अर्धवट फाटलेली. मी विचारलं, "मावशी, हे घेता कसं?" तर म्हणाल्या, "काय माय, सकाळी चहाच्या घोटाबरुबर समदं एकदाच, मंग शेतात जायला मोकळी." गोळी रोज घेत होत्या, इमानदारीनं घेत होत्या, पण ती अंगाला लागतच नव्हती. वेळा बदलल्या आणि डॉक्टरांना हे सांगितलं तसा टीएसएच हळूहळू जागेवर आला, मग डोस पण कमी करावा लागला.

तर थायरॉईडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन (थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन ही आपल्याकडची नेहमीची नावं), सकाळी उठल्या उठल्या उपाशी पोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर एक तास, चहा नाही, दूध नाही, बिस्किट नाही, दुसरी गोळी नाही. आपल्याकडं डोळे उघडायच्या आत चहा लागतो हे मला माहितीये, आणि घरातलं कुणीतरी प्रेमानं कप पुढं करणारच. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "अगं दोन घोट तर घे, उपाशी पोटी गोळ्या काय गिळायलीस." त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं तर आता त्याच आठवण करतात. सोपी युक्ती म्हणजे गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा, पहाटे नळाला किंवा टँकरला उठलं की घ्यायची, पाणी भरून होईपर्यंत तास निघून जातो.

ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तास गेल्यावर घेतली तरी चालते. रोज एकच वेळ धरा म्हणजे झालं.

कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. मायलोमाच्या पेशंटना हाडांसाठी बऱ्याचदा कॅल्शियम दिलेलं असतं, ते दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री ठेवा. पातळ अँटासिड पण चार तास लांब.

आता ॲसिडिटीची गोळी. पँटोप्राझोल आपल्याकडं इतकी सहज घेतात, मेडिकलवाला प्रत्येक चिठ्ठीत देतो. पण पोटातलं ॲसिड कमी झालं की थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, आणि सीएमएलवाल्यांनी तर जास्तच लक्ष द्या, डॅसाटिनिब आणि निलोटिनिबचं पण शोषण त्यामुळं कमी होतं. म्हणजे एका साध्या गोळीनं दोन्ही आजारांची औषधं अर्धवट. ॲसिडिटी खरंच असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरला विचारून, वेळ ठरवूनच घ्या.

कॅन्सरच्या गोळीचे नियम प्रत्येकीचे वेगळे आहेत, इथंच लोक गोंधळतात. इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्यासोबत, नाहीतर मळमळ होते. निलोटिनिब एकदम उलटं, खाल्ल्यावर दोन तास गेले पाहिजेत आणि गोळीनंतर एक तास काही खायचं नाही, कारण अन्नासोबत ती रक्तात जास्त चढते आणि हृदयाच्या ठोक्यांना त्रास होऊ शकतो. निलोटिनिब आणि थायरॉईड दोन्ही उपाशी पोटीच्या गोळ्या, त्यामुळं सकाळची वेळ कशी वाटून घ्यायची ते डॉक्टरांकडून घड्याळासकट लिहून घ्या.

माझं स्वतःचं असं आहे: पहाटे थायरॉईड, तासाभरानं चहा, दुपारी भाकरी-वरण खाऊन झालं की इमॅटिनिब, रात्री जेवल्यावर कॅल्शियम. तुमचं वेगळं असेल. पण जे असेल ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन-दोन घेऊ नका. थायरॉईडची गोळी शरीरात बरेच दिवस टिकते, एका दिवसानं आभाळ कोसळत नाही, पण कॅन्सरची गोळी वारंवार चुकली तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, हे मात्र मनावर घ्या.

४. तक्रार आली की लगेच एकाच्या खात्यावर टाकू नका

थकवा. हा सगळ्यात फसवा. ब्लड कॅन्सरमध्ये हिमोग्लोबिन कमी झालं की थकवा, थायरॉईड कमी झाला की थकवा, औषधानं थकवा, झोप नाही म्हणून थकवा, आणि थायरॉईड कमी असला की त्यानं पण हिमोग्लोबिन उतरू शकतं. म्हणजे घरचे म्हणतात "कॅन्सर हाय, थकणारच", आणि पेशंट खाटेवर पडून राहतो, आणि कारण निघतं टीएसएच. किंवा उलट, सगळे म्हणतात थायरॉईडमुळं होतंय आणि आत प्लेटलेट उतरत असतात. दोन्ही तपासायला सांगा, सीबीसी पण आणि टीएसएच पण, एकाच वेळी.

चेहरा सुजणं घ्या. इमॅटिनिबनं सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, ती मला पण येते, आणि थायरॉईड कमी झाला तरी अगदी तशीच सूज येते. पायात गोळे येणं, तेही दोन्हीकडून. बद्धकोष्ठ घ्या. थायरॉईड कमी असला तर होतं, मायलोमात रक्तातलं कॅल्शियम वाढलं तरी होतं, आणि सोबत खूप तहान, गुंगी, बडबड असेल तर ते कॅल्शियमचं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री कपडे भिजेस्तोवर घाम आणि वजन उतरणं हे लिम्फोमाचं लक्षण, पण थायरॉईड जास्त झाला तरी घाम, धडधड, वजन कमी. पाठदुखी मायलोमात हाडांमुळं असते, आणि आपल्या बायका ती खुरपणीच्या नावावर खपवतात.

मानेत गाठ लागली तर स्वतः चाचपत बसू नका. थुंकी गिळताना वरखाली होणारी गाठ बहुतेक थायरॉईडची असते, बाजूच्या गाठी लिम्फ नोडच्या असू शकतात, पण हे ठरवायचं सोनोग्राफीनं आणि सुईच्या तपासणीनं. थायरॉईड ग्रंथीचाच लिम्फोमा हा दुर्मिळ प्रकार आहे, तो जास्त करून हाशिमोटोच्या (शरीर स्वतःच थायरॉईडवर हल्ला करतं तो आजार) पेशंटमध्ये दिसतो, त्यामुळं जुना थायरॉईड असलेल्या बाईची मान काही आठवड्यांत झपाट्यानं सुजली, आवाज बसला, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर उशीर नको.

मी एक छोटी वही ठेवते. तक्रार, तारीख, त्या दिवशी कोणती नवी गोळी होती, बस. डॉक्टर ती वही बघतात आणि त्यांना खरंच उपयोग होतो.

५. तपासणी कधी करायची आणि रिपोर्ट वाचताना काय फसवतं

कॅन्सरचं नवं औषध सुरू करण्याआधी एकदा टीएसएच करून घ्या म्हणजे पुढं तुलना करता येते. थायरॉईडचा डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच, त्याच्या आधी केला तर खरं चित्र दिसत नाही, पैसे वाया. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे थोडं इकडंतिकडं. शक्यतो एकाच लॅबमधून करा.

केस गळायला लागले की लोक बायोटिनच्या गोळ्या घेतात, मेडिकलवाला पण "केसांचं विटामिन" म्हणून देतो. या बायोटिननं बऱ्याच मशीनवर थायरॉईडचा रिपोर्ट खोटा येतो, असं वाटतं की थायरॉईड जास्त झालाय, प्रत्यक्षात काही नसतं. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर किती आधी ते विचारा, आणि लॅबवाल्याला सांगा.

मायलोमा-लिम्फोमात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, त्यानं टीएसएच खाली दाबला जातो. आणि आजारात ॲडमिट असताना, मोठं इन्फेक्शन असताना, थायरॉईडचे आकडे तसेही वेडेवाकडे येतात, टी-थ्री (थायरॉईडचं एक हार्मोन) तर हमखास उतरतो. तेवढ्यावरून घाईनं डोस बदलायचा नसतो, बरं झाल्यावर परत तपासतात. सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या इंजेक्शननं पण थायरॉईड हलू शकतो, म्हणून स्कॅनच्या आधी थायरॉईड आहे हे सांगा.

सीएमएलवाल्यांसाठी बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी (रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी) दर तीन महिन्यांनी असते. तीन महिन्यांत १० टक्क्यांच्या खाली, सहा महिन्यांत १ च्या खाली, वर्षात ०.१ च्या खाली, असं डॉक्टर बघतात. ती चुकवू नका, आपल्याला बरं वाटतंय यावरून हा आजार कळत नाही.

६. ताप: इथं वाट बघायची नाही

१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, आणि तुम्ही केमोवर आहात किंवा पांढऱ्या पेशी कमी आहेत, तर रात्र असो का अमावस्या, निघायचं. थर्मामीटर घरात पाहिजेच. आधी मोजा, मग फोन करा. पॅरासिटामॉल खाऊन झोपलं तर ताप झाकला जातो आणि इन्फेक्शन आत वाढतं.

ज्यांचा थायरॉईड जास्त आहे आणि कार्बिमाझोल (निओमर्काझोल) चालू आहे त्यांनी हे दोनदा वाचा. या गोळीनं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम तळाला जातात. साध्या माणसाला पण हा धोका असतो, इथं तर रक्ताचाच आजार. ताप, घसा जोरात दुखणं, तोंडात फोड, यातलं काही झालं तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी सीबीसी करा आणि डॉक्टरांशी बोला. कॅन्सरच्या डॉक्टरला ही गोळी चालू असल्याचं पहिल्याच भेटीत माहीत पाहिजे.

प्लेटलेट कमी असतील तर गावातल्या डॉक्टरकडं जाऊन कमरेत इंजेक्शन ठोकून घेऊ नका, आत रक्त साकळतं. कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन पण विचारल्याशिवाय नाही. "ताकदीची सलाईन" लावून घ्यायची पद्धत आहे आपल्याकडं, त्यानं ताकद येत नाही, त्या पैशात प्लेटलेट काउंट होतो.

७. काढे, पाले, चूर्णं

कॅन्सरचं नाव ऐकलं की घरी रोज एक नवीन माणूस नवीन उपाय घेऊन येतो. सगळे मायेनं येतात, कुणाला तोडून बोलायची गरज नाही. पण अश्वगंधानं थायरॉईडचं प्रमाण वाढल्याच्या केसेस आहेत, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर धडधड अजून वाढते. गुळवेलीनं लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात नोंदवल्यात, आणि कॅन्सरच्या बहुतेक गोळ्या लिव्हरमधूनच जातात. बिननावाच्या पुड्यांत कधी स्टेरॉइड असतं कधी जड धातू. मी सरळ सांगते, "डॉक्टरांना विचारून घेईन काकू", आणि पुडी बाजूला ठेवते. पपनस आणि ग्रेपफ्रूट हे फळ पण सीएमएलच्या गोळ्यांसोबत नको, त्यानं औषध रक्तात वाढतं.

८. खाणं, उपवास, उन्हाळा

जेवण नेहमीचं. ज्वारीची भाकरी, वरण, शिजवलेल्या भाज्या, अंडं चालत असेल तर नीट उकडलेलं. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा बंद, फळ सोलून खाता येईल असंच. टँकरचं पाणी उकळूनच प्यायचं, यात आळस नको.

कोबी-फ्लॉवर थायरॉईडला चालत नाही असं सगळे सांगतात. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर सोडायची गरज नाही, मीठ आयोडीनचं असू द्या म्हणजे झालं. सोयाबीनचं मात्र बघा, आपल्या लातूर-नांदेड पट्ट्यात घरोघरी पिकतं, बरेच जण पिठात दळून टाकतात, प्रोटीन म्हणून वड्या खातात. खा, पण थायरॉईडच्या गोळीच्या आसपास नको, कारण त्यानं शोषण कमी होतं, आणि प्रमाण रोज सारखं ठेवा.

उपवास धरायचा का हे कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा, केमोत मी तर नकोच म्हणेन. पण एकादशी असो का नवरात्र, पाण्यासोबत गोळी घेतल्यानं उपवास मोडतो असं मानून गोळी सोडू नका. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांनी थायरॉईडची गोळी सहरीच्या अर्धा-एक तास आधी किंवा रात्री झोपताना घ्यावी, आणि जी गोळी दिवसातून दोनदा असते तिचं आधीच विचारून ठेवावं.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पत्र्याच्या घरात आत अजून जास्त. थायरॉईडची गोळी उन्हानं आणि ओलीनं खराब होते. डब्यावर किती तापमानाखाली ठेवायची ते छापलेलं असतं, बघा. चुलीजवळ, खिडकीत, गाडीच्या डिक्कीत नको. आतल्या खोलीत, खालच्या फळीवर, मूळ डब्यातच.

९. कुठं जायचं, पैसे आणि प्रवास

संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, घाटीचाच (तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याचा) भाग. लातूरला विवेकानंद हॉस्पिटल, आणि धाराशिव-लातूर-बीडकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. नांदेडला आणि अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, थायरॉईडचं आणि साध्या तपासण्यांचं काम तिथं होऊन जातं. मोठ्या गोष्टींसाठी परळचं टाटा मेमोरियल, आणि त्यांचंच खारघरचं ॲक्ट्रेक हे केंद्र.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड, आधार, आणि बायोप्सीचा किंवा बोन मॅरोचा रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) भेटा, पैसे भरायच्या आधी भेटा, नंतर नाही. हेल्पलाइन १५५३८८. रेशन कार्डावर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, आपल्याकडं एकीकडं माहेरचं नाव आणि दुसरीकडं सासरचं असा घोळ असतो आणि मंजुरी तिथंच अडकते. सीएमएलवाल्यांना एक दिलासा सांगते. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळं भारतीय कंपन्यांची ही गोळी मूळ औषधाच्या मानानं कितीतरी स्वस्त मिळते. कंपनी मात्र सारखी बदलू नका, बदलली तर डॉक्टरांना सांगा.

परभणी, जालना, नांदेडहून देवगिरी किंवा नंदीग्रामनं दादरला उतरलं की टाटा जवळच. रेल्वेत कॅन्सर पेशंटला इलाजासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के, त्यासाठी हॉस्पिटलकडून ठराविक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो, पहिल्या भेटीतच मागून घ्या. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना आधार देते, टाटाच्या समाजसेवा विभागात चौकशी करा. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नको, आणि चार दिवसांच्या जास्तीच्या, कारण मुंबईत एक तपासणी लांबली की मुक्काम वाढतोच.

१०. पुढच्या भेटीला जाताना हे विचारा

कागदावर लिहून न्या, समोर गेलं की सुचत नाही. माझ्या कॅन्सरच्या औषधानं थायरॉईडवर काय परिणाम होऊ शकतो? टीएसएच किती दिवसांनी करायचा आणि तो कोण बघणार, तुम्ही का माझा फिजिशियन? माझ्या सगळ्या गोळ्यांच्या वेळा एकदा तपासून द्याल का? ॲसिडिटी झाली तर काय घेऊ? ताप आला तर रात्री कुठं फोन करू, आणि तुम्ही लांब आहात तर जवळच्या कोणत्या हॉस्पिटलला जाऊ? कोणती लस चालते, कोणती नाही? आणि लेकरू हवं असलेल्या बायकांनी किंवा दिवस राहिल्याची शंका असेल त्यांनी ते अजिबात न लाजता पहिल्यांदा विचारायचं, कारण सीएमएलच्या गोळ्या आणि थॅलिडोमाइड-लेनालिडोमाइड गर्भाला धोक्याच्या आहेत, आणि थायरॉईडचा डोस तर दिवस राहिल्यावर बदलावाच लागतो. भेटीला सोबत घरातलं असं माणूस न्या जे ऐकून लिहून घेईल, आणि निघायच्या आधी पुढची तारीख व कोणत्या तपासण्या करून यायचं हे फाईलवर लिहून घ्या.